अर्ध्या मिलिमीटरची चाळणी

उदगीरला समुद्र येतो एस.टी.च्या पार्सलातून,
थर्माकोलच्या खोक्यात, अठरा बरण्या,
झाकणांना चिकटपट्टी, वर पेनानं लिहिलेलं
खाडीचं नाव, मला नीट उच्चारता न येणारं.

मी समुद्र पाहिलेला नाही.
तळ पाहिलाय फक्त, चमच्या-चमच्यानं,
कॉलेजच्या मागच्या खोलीत, जिथं नळाला
नवव्या दिवशी पाणी येतं
आणि गाळ धुवायला लागतं
बरणीमागं दीड बादली.

शिवलिंगमामा ड्रम भरून ठेवतात, पुटपुटतात,
"माती धुवायला पाणी! प्यायला कुणी मागितलं तर
काय सांगू?"
मी चाळणी हलवत राहते.
काळी माती खाली जाते, थेट आमच्या रानातली वाटावी,
वास तेवढा खारट.

मग रंगाचे दोन थेंब.
पकडताना जे जिवंत होतं, ते गुलाबी दिसतं.
मार्गशीर्षातल्या बरणीत
केसाळ किडे, तांदळाच्या कणीएवढे शिंपले,
आणि एक खेकडा, मोहरीएवढा,
नांगी उगारलेला. कुणावर, कोण जाणे.
दोनशे बारा.

त्या किनाऱ्याला रस्ता नव्हता म्हणे, फक्त होडी.
कुणी काही टाकलं नव्हतं तिथं,
कुणी काही मागितलंही नव्हतं.
मग लांब कुठंतरी एक जहाज कलंडलं.

तेल तरंगतं, हे मला घरीच कळलेलं:
अप्पांचा करडईचा घाणा, आमटी, समई,
सगळीकडं तेल वर.
ते खालीही जातं, हे कुणी बोललं नव्हतं.
वाळूचा कण धरून, मेलेलं शेवाळ धरून,
हळूहळू, आवाज न करता,
झोपलेल्यांच्या अंगावर पांघरूण ओढावं तसं.

चैत्रातल्या बरणीत नऊ.
नऊही एकाच जातीचे, लाल दोऱ्यासारखे,
घाणीतच ज्यांचं फावतं.
मी परत चाळलं. आणखी दोन बादल्या.
पुढच्या बरणीत तेही नाहीत.
मॅडम म्हणाल्या, "महानंदा, शून्यसुद्धा आकडाच. लिही."

संध्याकाळी मामा धुवणाचं पाणी
पपईला घालायला निघाले.
मी ओरडले. ते दचकून थांबले.
बादलीत गॅरेजपुढच्या डबक्यासारखा
निळा-जांभळा रंग फिरत होता,
दिसायला सुंदर, खरं सांगते.

आता ती बादली टेबलाखाली आहे, झाकण घालून.
नवव्या दिवसाची वाट बघणाऱ्या गावात
कुणालाच नको असलेलं पाणी.
येता-जाता मी पाय चुकवते.