उजवा रकाना

गाढव नाक्याला, चढणीच्या पायथ्याशी
छेडा शेठचं दुकान: झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो.
मशीन माझ्याहून म्हातारं.
मनात आलं की कागद तिरका ओढतं
आणि उजव्या कडेचं चार बोटं
गिळून टाकतं.

वरच्या मजल्यावर वालावलकर सरांचा क्लास.
बँकेची परीक्षा, परदेशाची परीक्षा,
आठवड्याला शंभर शब्द, चाळीस प्रती.
पहिल्या रकान्यात शब्द,
मधल्यात त्याचे सोयरे,
उजव्यात वैरी.
फसलेलं पान दिसलं की शेठ म्हणतो,
"रद्दीत टाका, अनसूयाबेन."
मी ठेवून घेते. पाठकोरे कागद हिशेबाला होतात.

असा माझा अभ्यास सुरू झाला.
सोयरे सगळे छापलेले, वैरी कापलेले.

शब्द आधी जिभेवर घ्यायचा,
गरम बटाट्यासारखा
या गालातून त्या गालात.
फ्रूगल. म्हणजे काटकसरी.
हा तर आमच्या घरातला शब्द,
इंग्रजांनी कधी नेला?
ऑब्स्टिनेट, हेकट.
टॅसिटर्न, मोजून बोलणारा.
एफेमरल, चार घटकांचं.

म्हटलं, उजवा रकाना आपणच भरू.

एफेमरलसमोर लिहिलं, नाल्याचा वास.
फ्रूगलसमोर, धाकटी नणंद.
टॅसिटर्नसमोर लिहिणार होते, मी.
लग्नात ते बरोबर होतं,
हे मुके आणि माझी टकळी.
आता बावीस वर्षांनी
आम्ही दोघं मधल्या रकान्यात,
मध्ये एक स्वल्पविराम.
ती जागा सोडून दिली.

म्हसळ्याच्या शाळेत करंबेळकर बाई विचारायच्या,
उदय? आम्ही, अस्त.
सुख? आम्ही, दुःख.
एका सुरात, बाईंचा शब्द पुरा व्हायच्या आत.
वाटायचं, जगात प्रत्येकाला
नेमून दिलेला एक उलटा असतो.
एकदा बाईंनी विचारलं, भूक?
पुस्तकात होतं, तृप्ती.
मागच्या बाकावरून गोविंद धाडवे म्हणाला, पेज.
बाई फळ्याकडे वळल्या
आणि हातात असलेला खडू
बराच वेळ शोधत राहिल्या.

मागच्या मंगळवारी घाईत
माझंच पान काचेवर गेलं.
आणि त्या दिवशी नेमकं
मशीननं काही खाल्लं नाही.
चाळीस प्रती, नणंदेसकट, वर गेल्या.

तासाभरानं जिन्यावरून हसू उतरलं.
मी लॅमिनेशनमध्ये तोंड घालून बसले.
सगळी गेल्यावर हुमेरा आली,
तीच, जिच्या आधारकार्डावर वडिलांचं नाव चुकलंय.
पान काउंटरवर ठेवलं.
"काकू, अक्षर तुमचं?"
"मशीन खराब आहे," मी म्हटलं.
"सर म्हणाले, नाल्याला पूर्ण मार्क.
आणि विचारलंय, टॅसिटर्नची जागा
चुकून राहिली का?"
"चुकून नाही."
ती थांबली. मग दोन रुपये ठेवून
त्याच पानाची आणखी एक प्रत मागितली.
पैसे परत केले. प्रत दिली.

रात्री जेवताना हे म्हणाले, "मीठ कमी आहे."
तीन शब्द. भाषणच झालं.
माझ्या तोंडून निघून गेलं, "ऑब्स्टिनेट."
"म्हणजे?"
"तुम्ही."
घास हातात तसाच राहिला.
वाटलं, चिडले.
पण ते आमटीत बघत बघत म्हणाले,
"आणि त्याच्या उलट काय म्हणतात?"

छापलेलं मी कधी वाचलंच नव्हतं.
मिठाची बरणी
त्यांच्याकडे सरकवली.