वाऱ्याकडे पाठ

सांदोय बेटावर घर बघायला गेलो की
मी आधी मेंढ्या बघतो.
त्या टेकून बसतात ती भिंत आडोशाची.
कंपनीच्या पुस्तकात हे नाही.
पुस्तकात आहे: भिंतीपासून तीस सेंटिमीटर,
जमिनीपासून अर्धा मीटर, पंख्यासमोर मोकळं.
लिहिणाऱ्यानं नैऋत्येचा वारा अंगावर घेतलेला नसावा.
बंद यंत्राचा पंखा तो उलटा फिरवतो
आणि यंत्राला सुरूच होऊ देत नाही.

मार्यूनच्या घरी मेंढ्या पूर्वेला होत्या.
तिथंच तेलाची जुनी टाकी, पोटाशी गंजलेली.
ती हलवली तर खाली पिवळं गवत
आणि एक चमचा.
"हा इथं होय," ती म्हणाली, नि खिशात टाकला.

काँक्रीट दोन दिवस धरू दिलं.
बोल्ट स्टेनलेसचे, तेही वरच्या प्रतीचे.
इथं लोखंड मीठ खातं
पण मिठाला जागत नाही.
तांब्याच्या नळ्या जोडल्या, निर्वात पंप लावला,
तासभर काट्याकडे बघत बसलो.
काटा हलला नाही. ती रुबार्बचा मुरांबा घेऊन आली.
"बाहेर चार अंश. ह्यातून ऊब कुठून काढणार हे?"
चार अंशांतही असते, म्हटलं.
"हं," ती म्हणाली,
परगावच्या लग्नाची बातमी ऐकावी तशी.

जानेवारीत फोन आला: घर गार पडलंय.
वादळ उतरायला दोन दिवस गेले.
जाऊन पाहतो तर यंत्राला कोट घातलेला.
पिवळा, मेणकापडाचा, कोपरांना ठिगळं,
बाह्या मागं ओढून दोरीनं बांधलेल्या,
गाठी अशा की नखानं सुटेनात.
आत बर्फाचा ठोकळा, त्यात पंखा रुतलेला.
"रात्रभर गारा पडत होत्या," ती म्हणाली.
"बिचारं उघड्यावर."

वहीत अशा वेळी लिहायची ओळ ठरलेली आहे:
ग्राहकाने हवेचा मार्ग अडवला, वॉरंटी लागू नाही.
लिहिली नाही.
ओला कोट हातात धरून उभा राहिलो.
हॉकुन माझ्याहून बराच रुंद माणूस असावा.
म्हटलं, पांघरलं की हे गुदमरतं.
ह्याला थंडी बाधत नाही, थंडीवरच जगतं ते.
"आणि मीठ?"
मीठ बाधतं.
"गारा?"
गारा बाधतात.
"मग कोट काय वाईट होता?"

ह्यावर उत्तर नव्हतं म्हणून होडीघरात गेलो.
चार वल्ह्यांची होडी, तळ कुजलेला,
वरच्या फळ्या मात्र डांबर पिऊन ठणठणीत.
मी कोपऱ्यातल्या नव्या लाकडाकडे हात केला.
तिनं होडीकडे केला.
पहिली फळी तिनंच कापली, थांबत थांबत, दम खात.

फळ्या तिरप्या लावल्या, मधे तळहात जाईल एवढी फट.
छपराला उतार, तळ मोकळा,
वितळलेलं पाणी बिनबोभाट वाहून जायला.
एक बाजू बिजागरीवर:
वर्षातून दोनदा गोड्या पाण्यानं धुवा,
पण धार हलकी ठेवा, आतली पत्र्याची पानं दुमडतात.
कुंपणापलीकडून तुम्मस ओरडला,
"अरे, चौथी बाजू विसरलास!"
मी तोंड उघडण्याआधी मार्यूनच म्हणाली,
"विसरला नाही. तिथून श्वास घेतं ते."

पंखा फिरू लागला.
तासाभरानं थांबला, वाफ सोडली, खाली पाणी ठिबकलं.
घाबरू नका म्हणणार होतो,
ती ऐकत होती, मान जरा कलती करून.
"कूस बदलली," म्हणाली, आणि आत गेली.

एका फळीवर होडीचा नंबर राहिलाय:
सात, मग अर्धा तीन किंवा अर्धा आठ.
बिलात लिहिलं: आडोसा एक, लाकूड ग्राहकाचं.
गाठी सोडवण्यात चाळीस मिनिटं गेली,
ती धरली नाहीत.

गाडी वळवताना पाहिलं,
पंख्यापुढं गार लागतं म्हणून मेंढ्या उठून
तुम्मसच्या भिंतीला गेल्या होत्या.