पान एकशे तेरा

‘समुद्राखालचं टपालखातं’, भाग तिसरा.
नाव लावून बसलेली एकोणीस मुलं.
आमच्या लुइस्टनमध्ये एवढी रांग
गिरणी बंद पडली तेव्हा भत्त्यासाठी लागली होती,
असं वडील सांगायचे.

मी क्लोडेट वेलेट, शाळेची ग्रंथपाल.
टेबलावर डिंक, चिकटपट्टी, बोथट कात्री,
खिडकीबाहेर डिसेंबरपासून मुक्कामाला आलेला बर्फ.
या पुस्तकाचा कणा मी चारदा जोडलाय.
पान चाळीसवर चीजचा डाग,
साठवर शार्कला कुणीतरी मिशा काढल्यात.
त्या मी खोडल्या नाहीत.
शोभतात त्याला.

सहावीच्या बाई म्हणतात, हे कसलं वाचन,
नुसत्या चौकटी आणि फुगे!
मी मान डोलावते.
भाग पहिला त्यांनीच नेलाय, मागच्या शुक्रवारी,
‘जरा चाळून बघते’ म्हणून.
अजून चाळतायत.

मग एका सोमवारी रेमी पेलतिए धापा टाकत आला,
बुटांचा चिखल थेट गालिच्यावर:
“एकशे बारानंतर एकदम एकशे पंधरा!
ऑक्टोपसची मारामारी कुठाय?”

मी चष्मा लावून पाहिलं.
पान ओरबाडलेलं नव्हतं.
आधी घडी, मग घडीवर नख, मग पट्टी धरून
सावकाश वेगळं केलेलं.
तीस वर्षांत इतक्या मायेनं फाडलेलं पुस्तक
माझ्या हाती आलं नव्हतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत इफ्राह आली.
हातमोजा टेबलावर उपडा केला:
तीन डॉलर, चाळीस सेंट, एक बटण.
“पान आमच्या फ्रिजवर आहे,” ती म्हणाली.

मला ते पान पाठ आहे.
त्यावर एकही शब्द नाही.
पितळी शिरस्त्राण घातलेली ओस्ता, टपालवाली पोर,
दोन भाग आणि एकशे बारा पानं पोहून
शेवटी त्या घरापाशी पोचते.
दार किलकिलं.
आतून एक हात.
ओलं पाकीट.
एवढंच.

“आईला इंग्रजी येत नाही.
मी रोज रात्री सोमालीत सांगते तिला,
ती भांडी घासत हं हं करते.
त्या पानाशी तिनं हात पुसले.
म्हणाली, तू गप्प बस, हे मी वाचते.”

किती वेळ वाचलं?

इफ्राहनं विचार केला.
“भात करपला.”

माझी आई गिरणीत लूमवर होती, घरी फ्रेंच बोलायची.
मुकादमाची इंग्रजी नोटीस तिला वाचता यायची नाही,
ती वाचणाऱ्यांचे चेहरे वाचायची.
एवढं मला आठवलं. इफ्राहला सांगितलं नाही.
तिला दंडाची काळजी होती.

नियमाप्रमाणे पुस्तक खराब केलं तर पूर्ण किंमत.
मी नाणी पुन्हा हातमोज्यात भरली,
बटण वेगळं दिलं, हरवू नको म्हणून,
आणि नोंदवहीत लिहिलं:
पान ११३. वाचक: होदान वारसमे.
परतीची तारीख
या रकान्यावर पेन जरा थांबलं,
मग पुढच्या ओळीवर गेलं.

राहता राहिलं एकशे चौदा.
पानाला पाठ असते, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं.
तो ऑक्टोपस आता बार्टलेट स्ट्रीटवर,
तिसऱ्या मजल्यावर,
फ्रिजच्या थंड पत्र्याकडे तोंड करून
अंधारात एकटाच लढतोय.

त्याची भरपाई इफ्राह करते.
पुस्तक ज्याच्या पाळीला येईल त्यानं
एकशे बारापाशी बोट ठेवायचं
आणि रेडिएटरजवळ जाऊन तिला गाठायचं.
ती उभी राहून सांगते, दोन्ही बाह्या फिरवत,
आणि दर वेळी मारामारी लांबते.
नवी प्रत मागवायचा अर्ज भरून ठेवलाय.
पाठवायचं रोज राहून जातं.

रांग एकवीसवर गेलीय.
रेमीचं वाचून झालंय, तरी तो येऊन बसतो.
काल ऑक्टोपसला अकरा हात होते,
त्यानं मोजले.