पक कुठे आहे

नोव्हेंबरात आयलीच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटली त्या संध्याकाळी
ती आमच्याच बैठकीच्या खोलीत उभी राहिली
पहिल्यांदा आलेल्या पाहुणीसारखी.
पडद्यांवरची धूळ, छताच्या कोपऱ्यातला ओघळ,
माझ्या कानातले केस,
सगळ्यांची हजेरी घेतली तिने.
मग टीव्हीकडे वळून म्हणाली,
“वेइक्को, हा आधीपासूनच असा होता?”

असा म्हणजे कसा?
माझ्या मते बरा होता.
ब्याण्णव साली घेतलेला, पाठीला पोक आलेला,
आणताना शेजारचा रेजाँ आणि त्याचे दोन मेहुणे लागले होते,
त्यातला एक अजून कंबर धरून त्याची आठवण काढतो.
वर लोकरीचा रुमाल, रुमालावर घड्याळ.
नवे टीव्ही म्हणे पाटीएवढे पातळ.
घड्याळ ठेवायचं कुठे?

बर्फावरची हॉकी याच्यावरच पाहिली, शनिवारमागून शनिवार.
खरं सांगायचं तर पक कधीच दिसला नाही,
एवढीशी काळी चकती ती, दिसणार कशी.
खेळाडूंचे खांदे झुकतील तिकडे ती असणार
हे धरून चालायचं,
आणि गोलरक्षक मान खाली घालून पाणी प्यायला लागला
की समजायचं, गेली आत.
यात कधी कमीपणा वाटला नाही.
एकतीस वर्षं सडबरीच्या निकेलच्या खाणीत उतरलो.
टोपीवरच्या दिव्याच्या वर्तुळात येईल तेवढंच जग,
बाकीचं आवाजावरून.

विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
टीव्ही. नवा डबा. डब्याचं दरमहा भाडं, जिवंत असेपर्यंत.
स्पष्ट वाहिन्यांचे वेगळे पैसे,
आणि त्यांच्यावरही तेच हवामान,
उणे बावीस,
फक्त ठळक.
बेरीज दोनदा केली.
दोन्ही वेळा होडीच्या नव्या मोटरीएवढी आली.

रेजाँ म्हणतो, गवताचं पातं न् पातं दिसतं.
त्याच्याकडे गोल्फ बघतात.
मी म्हटलं, सहा महिने बर्फाखाली असतो आपण,
आणि गवत बघायला पैसे मोजायचे?
बोलायला ठीक होतं.
पण आयलीने हट्ट धरला नाही, हेच वाईट.
ती नुसती खुर्ची फिरवून,
टीव्हीकडे पाठ करून, शब्दकोडं सोडवत बसू लागली.

आज सकाळी दुकानात गेलो.
भिंतीवर दोन पडदे शेजारी शेजारी,
दोन्हींत एकच पोपट.
ऑरेल नावाचा पोरगा, हनुवटीवर मोजून चार केस,
म्हणाला, फरक तुम्हीच बघा, मी काही बोलत नाही.
मी बघितलं.
चष्मा काढून बघितलं, पुसून बघितलं, पुन्हा लावून.
पोपट हिरवा होता.
तिकडचाही हिरवाच होता.
“अगं बाई,” आयली म्हणाली, “चोचीला चीर आहे त्याच्या.”
मला चोच कुठे संपते आणि फांदी कुठे सुरू होते
तेच कळत नव्हतं.
ऑरेल माझ्याकडे बघत होता.
आयलीही, त्या नव्या डोळ्याने.
मी म्हटलं, “फरक आहे तर. जमीन-अस्मानाचा.”
आणि पैसे काढले.

परतताना तिने गाडीची किल्ली मागितली.
मी दिली.
डोळ्यांच्या दवाखान्यापुढे तिने वेग कमी केला,
थांबली नाही. एवढंच म्हणाली,
“सोमवारी उघडं असतं.”
खोकाही सोमवारीच यायचा आहे.

आजचा सामना जुन्यावरच.
तिने खुर्ची पुन्हा सरळ केली,
माझ्या खुर्चीला लावून.
दोन्ही संघ धुक्यातून धावत होते,
ती पुढे वाकली, डोळा बारीक केला,
म्हणाली, “पण पक कुठे आहे?”
आणि मी, बघायच्या आधीच,
बोट दाखवलं.