हातचा

मी अर्ज वाचत नाही, तपासते.
समास इंचभर आहे का, पानं सहाच आहेत का,
विभागप्रमुखांची सही आहे की नुसतं आश्वासन.
निवड समिती करते.
माझ्याकडे शिक्का आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच.

तरी डोळ्यांना झापड लावता येत नाही.
लाकूडकामाच्या मॅकआयझॅकला अशी खुर्ची करायचीय
जिच्यावरून त्याच्या आईला
कुणाचा हात न धरता उठता येईल.
‘समाजाला होणारा लाभ’ या रकान्यात त्याने एकच शब्द लिहिलाय: आई.
छपाईच्या नसरीनला धुक्यात कागद वाळवायचेत.
हॅलिफॅक्समध्ये धुकं फुकट मिळतं, दोरी-चिमट्यांचे नव्वद डॉलर.
फोटोग्राफीवाल्याने मात्र फलनिष्पत्ती, परिप्रेक्ष्य आणि हस्तक्षेप
यांची अशी खिचडी शिजवलीय
की त्याला नेमकं काय हवंय ते त्यालाच विचारावं लागेल.

ओदील कोमोचा अर्ज आला
पाचला वीस मिनिटं असताना.
वस्त्रकला विभाग, अकरा वर्षं नोकरी, दोनदा नकार.
लुनेनबर्गला वेंडेल झ्विकर म्हणून एक म्हातारा आहे,
जाळी विणतो, म्हणजे विणायचा,
आता विकत घेणाऱ्या होड्याच उरल्या नाहीत.
त्याला सोळा गाठी येतात.
पुस्तकात अकरा आहेत.
उरलेल्या पाच शिकायच्या, एवढंच तिचं संशोधन.

सुतळी दोनशे साठ.
बसभाडं एकशे पंच्याऐंशी.
कॅमेऱ्याचं भाडं तीनशे पंधरा.
झ्विकर यांचं मानधन बाराशे.
एकूण एक हजार आठशे साठ.

मी पुन्हा बेरीज केली.
शंभर कमी.
तिने फेरीबोटीत बसून, गुडघ्यावर कागद ठेवून केली असणार,
पाच आणि पाच दहा, हातचा एक,
मग सहा, आठ, एक आणि तो एक, सोळा,
आणि तिथे लाट आली असेल, किंवा डार्टमथचा धक्का,
सोळाचा हातचा पाण्यात पडला.

नियम क्रमांक सात: ताळा न जमणारा अर्ज अपूर्ण समजावा.
फोन लावला. फोन बंद.
पुन्हा लावला.
खिडकीबाहेर बंदरातल्या क्रेनने एक पेटी उचलली
आणि कुठे ठेवायची ते न सुचल्यासारखी धरून ठेवली.
पाचला चार मिनिटं.

बावीस वर्षांत मी कुणाच्या अर्जाला टोक लावलं नव्हतं.
पेन्सिलही नाही.
आठचा नऊ करायला फार काही लागत नाही,
खालचं पोट पुसायचं,
शेपटी ओढायची.
मी शिक्का मारला: पूर्ण.

निकाल मेमध्ये लागला.
समितीने सुतळी दिली, बसभाडं दिलं, कॅमेरा दिला.
मानधन कापलं.
शेरा होता: सदर व्यक्तीकडे
मान्यताप्राप्त पात्रता दिसून येत नाही.
टाइप मीच केला. एकही चूक नाही.

ओदील भांडायला आली नाही.
नंतर कळलं, ती शनिवारी जाते,
त्याची लाकडं फोडते, औषधं आणते,
आणि तो तिला दुपारभर
एकाच गाठीपाशी बसवून ठेवतो.
थंडी वाढली की त्याची बोटं वळत नाहीत,
मग तो नुसता सांगतो, आणि हात तिचे चालतात.

ऑक्टोबरात अंतिम अहवाल आला.
सोबत एक जाळीची पिशवी, माझ्या नावाने.
कर्मचाऱ्यांनी भेट घेऊ नये, नियम क्रमांक एकोणीस.
घरी स्वयंपाकघरात खुंटीला टांगलीय, कांदे ठेवते.
कांदा काढताना कधी बोट एका जाड गाठीवर अडतं,
ती पुस्तकातली आहे की उरलेल्या पाचांतली,
मला कळत नाही.

अहवालात हिशेबाचं पान होतं.
मिळालेली रक्कम सातशे साठ, खर्च सातशे साठ.
मी तीनदा तपासलं.
खाली पेन्सिलीने, अगदी बारीक,
एकाच्या डोक्यावर काढलेला एक.