शेरे

वही फहाहीलच्या बकाल्यातली, दोनशे पानी,
उजवीकडून उघडणारी.
म्हणून आमचं पहिलं पान
तिच्या लेखी शेवटचं आहे.

तीन घरं, एक कापडी पिशवी.
पिशवीत मुलांची पुस्तकं,
जो सुट्टीवरून परतेल त्याच्या तीस किलोंतून
भाजणी आणि लोणच्याच्या मधे दाबून आणलेली.
काहींच्या कडा अजून तेलकट आहेत.

नियम नजमा परकारने घातला:
पुस्तक परत करताना शेरा लिहायचा.
चित्रं कशी, अक्षर केवढं,
मूल कितव्या पानावर झोपलं.
बास. जास्त पाल्हाळ नको.

आणि तिनेच तो पहिल्यांदा मोडला.
"साळिंदराची गोष्ट. चित्रं बरी.
इरफान सातव्या पानावर झोपला.
पुढचं मी एकटीच वाचलं, मोठ्याने."

खाली जेसिंता डाबरे, हिरव्या शाईत:
"मोठ्याने का गो?"

पिशवी मंगफला माझ्याकडे आली
तेव्हा उत्तर वाळलेलं होतं:
"घरात आवाज नव्हता.
हे रिफायनरीत. तिसरी रात्रपाळी."

मी तेव्हा नवीन. कराडहून येऊन चार महिने.
भाच्याला फोनवर वाचून दाखवते, असं सांगून
पिशवीत शिरलेली.
माझे शेरे नीटनेटके असत.
"बांधणी सैल. अक्षर ठळक. नवव्या पानावर झोपला."
"दहाव्या पानावर."
"आज हट्टाने शेवटपर्यंत जागा."

मग एकदा दुपारी तूझ उठला.
खिडकीच्या फटींना ओले टॉवेल लावले,
तरी ताटांवर, उशीवर, दातांत वाळू.
बाहेर सगळं चहाच्या रंगाचं.
छत्री हरवलेल्या बेडकाचं पुस्तक तीनदा वाचलं
आणि शेऱ्याच्या जागी लिहून बसले:

"भाचा सतरा वर्षांचा आहे. मोटारसायकल चालवतो.
नवव्या पानावर कुणी झोपलं नव्हतं.
दोनदा राहिलं होतं, दोन्हीदा गेलं.
दुसऱ्या वेळी मी पुस्तकं आधीच आणून ठेवली होती."

पान फाडणार होते.
पण मागच्या बाजूला जेसिंताच्या धाकट्याने
एक उंट काढला होता, पाच पायांचा.
तो फाडवेना.

दहा दिवस पिशवी आली नाही.
मी जमइयात जायची वेळ बदलली,
भाजीच्या रांगेत कुणी भेटू नये म्हणून.
अकराव्या दिवशी दाराबाहेर पिशवी, बेल न वाजवता.

वहीत सांत्वनाचं एक अक्षर नव्हतं.
फक्त आतल्या पुठ्ठ्यावर, नियमात,
"मूल" या शब्दावर काट मारून
नजमाने वर लिहिलं होतं, "वाचणारं माणूस."
शेजारी हिरवी शाई:
"मी, चौथ्या पानावर. भांडी तशीच."

त्यानंतर कोण कुठे झोपलं
याचा हिशेब आम्ही चोख ठेवला.
नजमाच्या आईला रत्नागिरीत दफन केलं त्या रात्री
तिच्या नावापुढे लिहिलंय:
"झोपले नाही. ससा घरी पोचला."

जेसिंताच्या नवऱ्याची कंपनी मार्चमध्ये बसली.
तिचा शेवटचा शेरा कुठल्याच पुस्तकावर नाही.
"फ्रिज विकला. मुलांना सांगितलं, सुट्टी आहे.
दोघं लगेच हो म्हणाली.
आपण थापा मारतो तेव्हा मुलं आपल्याला झोपवतात बहुतेक."

हिरवं पेन तिने वहीतच ठेवलं. चुकून असेल.
ते मी वापरत नाही, पण झाकण लावून ठेवते.

आता तिसऱ्या घरी अबू हलीफाची कोणी पल्लवी इंगोले आहे.
"चित्रं भडक," एवढंच लिहिते, आणि तारीख.
नजमा म्हणते, थांब जरा, वळेल हात.

रात्रीचे साडेअकरा.
आकाशाच्या कडेला रिफायनरीची ज्योत, नेहमीएवढी.
वाचणारं माणूस: मी.
अकरावं पान.
दिवा चालूच राहिला.