उशिरा पोचलेलं पाणी

क्वीन्सलंडात, मलूरा क्रीकच्या फरशीपुलापाशी
खांबाला एक राखाडी पेटी. आत सिमकार्ड,
वर तळहाताएवढं सोलर पॅनल, त्यावर खंड्याची बैठक.
रोज पहाटे पाचला ती पाणी मोजायची
आणि डेस्लीच्या फोनला सांगायची: ०.३.
म्हणजे, बस काढ.
०.६ म्हणजे, थांब, आधी चहा घे.
एकच्या वर गेलं की शाळेला सुट्टी,
नऊ पोरं आपापल्या घरी खूश.

ऑक्टोबरात थ्रीजी बंद झालं.
बातमी सगळ्यांना होती. लोकांनी फोन बदलले,
पंपाचा मोडेम बदलला, दवाखान्यातल्या फ्रीजचा,
म्हाताऱ्या एल्वाच्या गळ्यातलं धोक्याचं बटणही
कुणीतरी आठवणीनं बदलून गेलं.
पेटी कुठल्याच यादीत नव्हती.
मर्व्हनं लावलेली ती, एका रविवारी, पदरमोड करून;
बिल त्याच्याच खात्यातून परस्पर कटे,
आणि मर्व्ह जाऊन दोन वर्षं झालेली.

पेटीला हे कोण सांगणार?
ती पाचला उठे, मोजे, हाक मारी,
ओ आली नाही की टिपून ठेवी.
टॉवर तिथंच होता, टेकडीवर, लाल दिवा लावून.
त्याला फक्त तिची बोली आता येत नव्हती.

डेस्लीनं कुंपणाचा एक खुंट घेतला,
नेलपॉलिशनं रेघा ओढल्या,
बॅटरी घेऊन पहाटे स्वतः उतरू लागली.
"माझं नेटवर्क," म्हणायची, "गुडघ्यापर्यंत चालतं."

जानेवारीत पाणी आलं ते रात्री.
खुंट दारामागे, डेस्ली झोपेत.
टोबिन पलीकडून घरी यायला निघालेला.
गाडी तीन किलोमीटर खाली सापडली.
तो झाडावर, जिवंत, सकाळपर्यंत गप्प.
त्यानंतरही बराचसा गप्पच.

मार्चमध्ये कौन्सिलनं विलियामीला धाडलं.
काम पाच मिनिटांचं, गंजल्या स्क्रूंनी तास खाल्ला.
जाताना म्हणाला, "आता बोलेल."

रात्री ओट्यावर फोन थरथरू लागला,
थांबेचना. ०.३. ०.३. ०.४.
ऑक्टोबर, नोव्हेंबर, नाताळचा कोरडा आठवडा,
मग जानेवारी, तारीख-वेळेसकट:
११:४०, १.१
१२:१०, १.९
१:०५, ३.२, ओलांडू नका
१:०६, ओलांडू नका
१:०७
डेस्ली अनवाणी उभी.
बाहेर चांदणं, क्रीक घोट्याएवढी.
फोनमधून पाणी चढत गेलं,
गुडघ्यांना खरंच गार लागलं,
मग ओसरत ओसरत आजच्या तारखेला आलं.

तिनं लिहिलं: मिळालं.
लगेच उत्तर: आज्ञा ओळखली नाही.

पहाटे पाच. ०.३.
तिनं वाचलं, बसच्या किल्ल्या घेतल्या,
आणि दारामागचा खुंट.